त्यांना 'हेअरकट', आपल्याला मात्र 'दिवाळखोर' ही शिवी?



आमचा एक मित्र नादारीचा अर्ज करणार आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर, "माझ्याकडून आता कर्ज फिटत नाही. माझे जे काही आहे ते न्यायालयाने ताब्यात घ्यावे, घेणेकऱ्यांत वाटावे आणि मला या फेऱ्यातून मोकळे करावे," असे तो कोल्हापूरच्या जिल्हा न्यायालयाला लिहून देणार आहे. त्या तयारीत आम्ही काही कार्यकर्ते त्याच्यासोबत बसतो आहोत. हे कळल्यावर चळवळीतल्याच काही ज्येष्ठांनी आम्हाला सुनावले, "हे काय नवीन काढलेत? बाबासाहेबांनी स्वाभिमान शिकवला, कर्ज बुडवायला नाही."

हा लेख त्या आक्षेपाला उत्तर म्हणून लिहीत आहोत. उत्तर खाजगीतही देता आले असते. पण हाच प्रश्न आज प्रत्येक वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत दबक्या आवाजात चालू आहे. म्हणून उघड बोलणे भाग आहे.

आमचे म्हणणे असे आहे. जे कर्ज फिटणे शक्यच नाही त्यातून कायद्याच्या मार्गाने बाहेर पडणे हा नागरिकाचा हक्क आहे. भांडवलदारांनी तो पुरेपूर वापरला. आपल्या माणसापर्यंत मात्र तो पोचत नाही, कारण एका बाजूने शंभर वर्षांची धूळ बसलेला कायदा आणि दुसऱ्या बाजूने जातीने शिकवलेली लाज, अशा दोन्ही भिंती त्याच्यासमोर उभ्या आहेत. पहिली भिंत सरकारने पाडायची आहे. दुसरी आपण.

कर्ज झाले कसे?

मित्राचे नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. तुमच्या वस्तीत तो दुसऱ्या नावाने राहतो. लेथवर हात बसलेला कारागीर. दहा वर्षे दुसऱ्याच्या शॉपमध्ये राबल्यावर स्वतःचे मशीन घ्यावे असे त्याला वाटले. 'नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा' हा उपदेश सरकारी व्यासपीठावरून आणि आपल्याही व्यासपीठावरून त्याने ऐकला होता. बँकेतून मुद्रा कर्ज काढले, पुराच्या पट्ट्यातल्या एका गल्लीत भाड्याने शेड घेतली आणि फौंड्रीवाल्यांचे जॉबवर्क सुरू केले.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा आली. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद होता, मग जॉबवर्क कुठून येणार? मशीन दुरुस्त करायला पतसंस्थेचे कर्ज काढले, दोन नातेवाईक जामीनदार राहिले. मशीन सुरू झाले आणि मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला. घर चालवायला वहिनींनी गटाची कर्जे घेतली, एकाचा हप्ता भरायला दुसरे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर. मग मोबाईलवरच्या अॅपची कर्जे आणि शेवटी महिना पाच टक्क्याने खाजगी सावकार.

आज हिशेब असा आहे. बँकेचे साडेचार लाख, पतसंस्थेचे दोन लाख, अॅपवाल्यांचे साठ हजार, सावकाराचे एक लाख. ही त्याच्या नावावरची ८ लाख १० हजारांची देणी. वहिनींच्या नावावर गटाचे १ लाख १० हजार वेगळे. सावकाराला महिना पाच हजारांप्रमाणे २६ महिने व्याज दिले, म्हणजे १ लाख ३० हजार. मुद्दल तसेच्या तसे उभे.

यात उधळपट्टी कुठे आहे ते दाखवा. दारू नाही, जुगार नाही, लग्नाचा मांडव नाही. 'आपले लोक कर्ज काढून सण करतात' हे वाक्य आपल्यातले शिकलेले लोकही सहज फेकतात. हे वाक्य सावकाराचे आहे हे ते विसरतात.

शाहू महाराजांनी जे ओळखले ते मुद्राने नाही ओळखले

कोल्हापूरकरांना गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्ट तोंडपाठ असते. शाहू महाराजांनी त्यांना धंद्यासाठी मदत केली एवढेच आपण सांगतो. त्याच्या पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला गिऱ्हाईक येणार नाही हे महाराजांना माहीत होते. म्हणून ते स्वतः तिथे थांबून चहा प्यायले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजला. भांडवल दिले आणि बाजारही उघडून दिला.

आज मुद्रामध्ये कर्ज मिळते. स्टँडअप इंडियामध्ये अनुसूचित जातीच्या उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंतच्या कर्जाची जाहिरात झाली. पण ऑर्डर कोण देणार? बिल तीन महिने कोण अडवून ठेवतो? पूर आल्यावर कोणाच्या मागे मामा-काका-सासरा उभा राहतो, कोणाची शेती विकून देणी भागतात? पिढीजात व्यापारी बुडाला की भाऊबंदकी त्याला पुन्हा दुकान टाकून देते. आपला पहिल्या पिढीतला उद्योजक बुडाला की त्याचे जामीनदारही त्याच्याबरोबर बुडतात, कारण जामीनदार म्हणजे जातभाईच, आणि तोही पगारावर जगणारा. धंद्यात जोखीम सर्वांना असते. पण पडल्यावर खाली गादी आहे की फरशी, हे या देशात जातीवर ठरते.

आता त्यांचे पाहू

आलोक इंडस्ट्रीज या कापड कंपनीवर घेणेकऱ्यांचे सुमारे २९,५०० कोटी रुपयांचे दावे मान्य झाले होते. २०१९ मध्ये तिचा निकाल लागला तो सुमारे ५,००० कोटींवर. म्हणजे रुपयाला सतरा पैसे. उरलेल्या त्र्याऐंशी पैशांना इंग्रजी वर्तमानपत्रे 'हेअरकट' म्हणतात. केस कापल्यासारखे, वेदना नाही. जुन्या मालकांच्या हातून कंपनी गेली हे खरे. पण त्यांच्या दारात कोणी ठिय्या मारला नाही, त्यांच्या मुलीच्या शाळेत फोन गेला नाही.

संसदेत सरकारने दिलेल्या आकडेवारीनुसार २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १२.३ लाख कोटी रुपयांची कर्जे निर्लेखित केली. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुली चालूच राहते, असे अर्थमंत्रालय सांगते. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबर आहे. तेवढीच अदब आमच्या मित्राच्या साठ हजारांना का दाखवली जात नाही, एवढाच आमचा प्रश्न आहे. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँकांना तडजोड करता येईल असे स्पष्ट केले. पैसे असून जाणूनबुजून बुडवणारा तडजोडीच्या टेबलावर, आणि पैसे नाहीत म्हणून थकलेला वसुलीवाल्याच्या पायाशी!

एक कायदा झोपलेला, एक विसरलेला

२०१६ मध्ये नादारी व दिवाळखोरी संहिता आली. त्यात कंपन्यांबरोबर साध्या माणसांसाठीही तिसरा भाग आहे. एका वर्षाच्या शेवटी दिवाळखोराला मुक्त करण्याची तरतूद आहे. अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' नावाची वेगळी वाट आहे. वाचायला छान वाटते. पण हा भाग फक्त कंपन्यांना वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. लेथवाला, टपरीवाला, रिक्षावाला यांच्यासाठी तो हे लिहीपर्यंत लागू केलेला नाही. कंपन्यांचा भाग वर्षाच्या आत धावू लागला, माणसांचा भाग झोपवून ठेवला.

त्या 'नव्या सुरुवाती'च्या अटीही पाहा. वार्षिक उत्पन्न ६० हजारांच्या आत, मालमत्ता २० हजारांच्या आत, कर्ज ३५ हजारांच्या आत आणि स्वतःचे घर नको, मग ते गहाण असले तरी. महिना पाच हजारांत जगणारा बेघर माणूस कोण, त्याला ३५ हजार कोण देतो, आणि तो न्यायाधिकरणापर्यंत पोचणार कसा? या अटी लिहिणाऱ्यांनी वस्ती नकाशावरही पाहिलेली नसावी.

मग आमच्या मित्राला उरते काय? प्रांतिक नादारी अधिनियम, १९२०. मुंबई-कोलकाता-चेन्नई या जुन्या इलाखा शहरांसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे. कोल्हापूरसारख्या ठिकाणी १९२० चा. नव्या संहितेत हे दोन्ही जुने कायदे रद्द करण्याचे कलम आहे, पण तेही लागू केलेले नाही. त्यामुळे इंग्रजांचा कायदा आजही जिवंत आहे. तो इतका जुना आहे की अर्ज करायला किमान कर्जाची मर्यादा ५०० रुपये आहे. नादार ठरलेल्या माणसाने आपली अवस्था न सांगता ५० रुपये उधार घेतले तरी तो गुन्हा आहे. म्हणजे आज वाण्याकडून तेलाची एक पिशवी.

आणि त्यातले सर्वात बोचरे कलम ऐका. नादार माणूस शेवटी 'मला मुक्त करा' असा अर्ज करतो तेव्हा त्याची मालमत्ता देण्यांच्या रुपयाला पन्नास पैसे, म्हणजे आठ आणे तरी भरते का, हे न्यायालय पाहते. भरत नसेल, आणि ते त्याच्या आवाक्याबाहेरच्या कारणांनी झाले हे त्याने पटवून दिले नाही, तर पूर्ण मुक्तता नाकारली जाते. कंपनी रुपयाला सतरा पैशांत सुटते. लेथवाल्याला मात्र आठ आण्यांचा हिशेब द्यावा लागतो!

लाज कोणाची, फायदा कोणाचा?

आता ज्येष्ठांच्या आक्षेपाकडे येऊ. 'स्वाभिमान' हा शब्द त्यांनी वापरला म्हणून इतिहास थोडा उलटून पाहू.

वर्ष १९२०. हाच नादारी कायदा झाला ते वर्ष. त्याच वर्षी मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांना तुमचा पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले. त्याच वर्षी जुलैमध्ये बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करायला लंडनला गेले. स्वतःची बचत, महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजार रुपयांचे कर्ज यांवर. बाबासाहेब कर्जाला पाप समजत नव्हते. भथेनांनीही त्या कर्जाच्या बदल्यात मित्राची मान मागितली नव्हती. प्रश्न कर्ज घेतले की नाही हा नाहीच. कर्जाच्या नावाखाली माणसाला गुलाम करता येते की नाही, हा आहे.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली. त्यात एक 'अनणसुख' आहे, म्हणजे कोणाचेही देणे नसल्याचे सुख. दारिद्र्य आणि कर्ज यांना त्यांनी दुःखच म्हटले, पूर्वजन्मीच्या पापाचे फळ म्हटले नाही. दुःखाला कारण असते आणि कारण दूर करण्याचा मार्ग असतो, हे ज्याने स्वीकारले त्याने कर्जाच्या बाबतीतच 'भोगा आता' असे म्हणावे काय? ते तर मनूचे उत्तर झाले.

समाजशास्त्राच्या भाषेत लाज हे नियंत्रणाचे सर्वात स्वस्त साधन आहे. वसुलीवाला पोलीस आणत नाही, शेजारीण आणतो. गटातल्या बाकीच्या नऊ बायकांना दारात बसवतो. दहाव्या बाईला तिच्याच मैत्रिणी शिव्या देतात आणि कंपनीचे हात स्वच्छ राहतात. या लाजेपायी माणसे रात्री गाव सोडतात, पोरीची शाळा सोडवतात, औषधाची बाटली जवळ करतात. आमचा मित्र एका रविवारी म्हणाला, "भावा, मला जेलची भीती वाटत नाय, चौकातनं चालायची वाटती." हे वाक्य ऐकून ज्याला अजूनही स्वाभिमानावर व्याख्यान द्यावेसे वाटते, त्याने आधी त्या चौकातून त्याच्याबरोबर चालावे.

जेलची भीती नसावी हे तर सर्वोच्च न्यायालयानेच सांगून ठेवले आहे. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी स्पष्ट केले की, केवळ फेडण्याची ऐपत नाही म्हणून कर्जदाराला तुरुंगात टाकता येणार नाही. त्यासाठी त्याची अप्रामाणिकता दाखवावी लागते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला तर अटकच करता येत नाही, हे दिवाणी प्रक्रिया संहितेतच लिहिले आहे. वस्तीत किती वहिनींना हे माहीत आहे?

तयारी म्हणजे नेमके काय?

भाषण पुष्कळ झाले, आता कामाचे बोलू. इतर मित्रांना उपयोग व्हावा म्हणून आम्ही काय करतो आहोत ते सांगतो. वकिलाला पर्याय म्हणून नव्हे. वकिलाकडे जाण्याआधी कागद हातात असावेत म्हणून.

पहिली यादी घेणेकऱ्यांची. प्रत्येकाचे नाव, पत्ता, रक्कम, कधी घेतले, किती फेडले, तारण काय, जामीनदार कोण. अर्जात हा तपशील द्यावाच लागतो. एकही नाव लपवायचे नाही, मेव्हण्याकडून घेतलेले उसने पैसेसुद्धा. दुसरी यादी मालमत्तेची. मशीन, दुचाकी, बँकेतली शिल्लक, विमा, भिशी, वडिलांच्या नावावरच्या घरातला हिस्सा.

तिसरी गोष्ट कारणांचा पुरावा, आणि आठ आण्याच्या कलमामुळे ही सर्वात महत्त्वाची. पुराचे पंचनामे, मशीन पाण्यात असतानाचे फोटो, लॉकडाऊनमधली बंद वीजबिले, रद्द झालेल्या ऑर्डरींचे मेसेज, दवाखान्याची बिले. 'हे माझ्या हातात नव्हते' हे रडून पटत नाही, कागदाने पटते. बाबासाहेबांच्या अनुयायांना कागदाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

चौथी गोष्ट, काय करायचे नाही. घर, मशीन, गाडी भावाच्या किंवा बायकोच्या नावावर करून अर्ज करायचा, हा शहाणपणाचा सल्ला चौकाचौकात मिळतो. तो ऐकलात तर बुडालात. अर्जाआधीच्या दोन वर्षांतली अशी फुकट हस्तांतरणे न्यायालय रद्द करू शकते. अर्जाआधीच्या तीन महिन्यांत एकाच घेणेकऱ्याला झुकते माप देऊन दिलेले पैसेही तसेच. शिवाय तुमच्या प्रामाणिकपणावर डाग पडतो, आणि या सगळ्या प्रकरणात तुमची एकमेव ठेव तीच आहे.

पाचवी गोष्ट, काय वाचते. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारे, मजुराची मजुरी, मजुराचे किंवा शेतकऱ्याचे राहते घर, भविष्य निर्वाह निधी आणि रूढीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिने यांवर जप्ती येत नाही. नादारीतही ही मालमत्ता रिसीव्हरकडे जात नाही. नादार ठरवल्याचा आदेश झाला की न्यायालयाच्या परवानगीशिवाय कोणताही घेणेकरी त्या देण्यासाठी वेगळी कारवाई करू शकत नाही.

सहावी गोष्ट, काय वाचत नाही. हे न सांगणे ही फसवणूक होईल. तारण ठेवलेले मशीन बँक घेऊ शकते. तारणवाल्या घेणेकऱ्याचा हक्क नादारीने जात नाही. जामीनदार सुटत नाही. मित्र मुक्त झाला तरी पतसंस्था कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन जामीनदाराकडे जाईल, म्हणून जामीनदारांना आजच सोबत बसवा, त्यांना अंधारात ठेवू नका. न वटलेल्या धनादेशाचा फौजदारी खटला थांबत नाही. नवऱ्याचा अर्ज बायकोचे कर्ज झाकत नाही. गटाच्या कर्जासाठी वहिनींची वेगळी लढाई आहे. त्यासाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम हातात ठेवा. मायक्रोफायनान्सचे नवे कर्ज देताना कुटुंबाचे सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीला येता येत नाही. २०१९ च्या पुरानंतर कोल्हापूर-इचलकरंजीच्या बायका मायक्रोफायनान्सविरुद्ध रस्त्यावर आल्या, त्या काही उगाच आल्या नव्हत्या.

सातवी गोष्ट सावकाराची. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे. बिनपरवाना सावकाराला न्यायालयातून वसुली करता येत नाही. परवानाधारकालाही बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांवर व्याज लावता येत नाही, आणि व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. आमच्या मित्राकडून वर्षाला ६० टक्के घेतले गेले आणि मुद्दलाच्या वर व्याज गेले. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे करायची असते. आणि वसुलीला येणाऱ्याने चारचौघांत जातीवरून शिवी दिली, तर ते कर्जाचे भांडण राहत नाही, अॅट्रॉसिटी कायद्याचे प्रकरण होते.

आठवी गोष्ट वकिलाची फी. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, हे १९८७ च्या कायद्यात आहे. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जातीचा दाखला घेऊन जा. कोल्हापूरला सर्किट बेंच आले म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये आपण फटाके वाजवले, आणि उद्घाटनाला सरन्यायाधीश भूषण गवई आले याचा अभिमानही मिरवला. आता त्या न्यायव्यवस्थेचा दरवाजा आपल्या थकलेल्या माणसासाठी वाजवू या.

आणखी एक किंमत आहे, ती कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावी. नादार ठरलेला माणूस मुक्त होईपर्यंत स्थानिक संस्थेची निवडणूक लढवू शकत नाही. आमदार-खासदारकीलाही संविधानात तीच अट आहे. खुनाचा आरोप असलेला माणूस शिक्षा होईपर्यंत तिकीट मागू शकतो, कर्जात बुडालेला कारागीर सरपंच होऊ शकत नाही. यावरही कधीतरी बोलले पाहिजे.

कर्जमुक्ती फक्त सातबाऱ्याला का?

महाराष्ट्रात कर्जदाराने बंड केल्याशिवाय कायदा हललेला नाही. १८७५ मध्ये सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तेव्हा १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. १९७५ मध्ये राज्याने कर्जमुक्तीचा कायदा केला. त्यात छोट्या शेतकऱ्याबरोबर ग्रामीण कारागीर, शेतमजूर आणि कामगार यांचीही सावकारी कर्जे संपवली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. १९७७ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला. म्हणजे मजुराला आणि कारागिराला कर्जमुक्ती देता येते हे याच राज्याने सिद्ध केले आहे.

त्यानंतर काय झाले? २०१७ ची कर्जमाफी, २०१९ ची कर्जमुक्ती, दोन्ही सातबाऱ्यावर. शेतकऱ्याच्या कर्जमाफीला आमचा विरोध नाही. पण ज्याला या व्यवस्थेने जमीनच ठेवू दिली नाही, त्याला 'तुझ्याकडे सातबारा नाही म्हणून तुझे दुःख मोजता येत नाही' असे सांगणे हा जुनाच गावगाडा आहे, नव्या संगणकावर चालवलेला.

मागण्या साध्या आहेत. नादारी हा विषय संविधानाच्या समवर्ती सूचीत आहे, म्हणून 'दिल्लीचे काम आहे' म्हणून मुंबईला हात झटकता येणार नाहीत. केंद्राने संहितेचा माणसांसाठीचा भाग लागू करावा, 'नव्या सुरुवाती'च्या मर्यादा आजच्या महागाईप्रमाणे वाढवाव्यात आणि घराची अट काढावी. तोपर्यंत राज्याने १९२० च्या कायद्यात दुरुस्ती करून आठ आण्याचे कलम वगळावे आणि मुक्ततेला मुदत घालावी. मागासवर्गीय महामंडळांनी कर्जाबरोबर ऑर्डर मिळवून देण्याची जबाबदारी घ्यावी, आणि पूर-लॉकडाऊनमध्ये बुडालेल्या छोट्या उद्योजकांची थकबाकी वेगळी काढून तडजोड करावी.

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही. प्रत्येक विहारात महिन्यातून एक रविवार कर्जाच्या कागदांसाठी ठेवता येईल. एक वकील, एक बँकेतला कर्मचारी, एक हिशेब समजणारी मुलगी आणि दोन न घाबरणारे कार्यकर्ते एवढे पुरे. प्रत्येकाने नादारीचा अर्ज करावा असे आम्ही म्हणत नाही. दहांपैकी बहुतेकांचे प्रकरण तडजोडीत, सावकाराविरुद्धच्या तक्रारीत किंवा नुसत्या नीट हिशेबात सुटेल. पण ज्याला दुसरी वाटच नाही, त्याला ही वाट आहे हे कळले पाहिजे, आणि त्या वाटेवर त्याच्या बाजूला कोणीतरी चालत असले पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता हा विरोध फार काळ चालू दिला तर लोकशाहीची इमारतच उडून जाईल. तो इशारा आपण जयंतीच्या बॅनरवर लावतो. हप्त्याच्या वहीवर तो लावून पाहिला, तर पुढचे आंदोलन कशाचे असावे ते सांगायला कोणी नेता लागणार नाही.

ज्येष्ठांना आमचे नम्र उत्तर एवढेच. हा माणूस कर्ज बुडवत नाही. तो सगळे मांडून न्यायालयासमोर उभा राहतो आहे. एवढे धाडस ज्याच्यात आहे, त्याला स्वाभिमान शिकवायची गरज नाही. त्याच्याबरोबर तारखेला यायची गरज आहे. या.

जय भीम! नमो बुद्धाय!